पहिल्या लूमच्या डावीकडे

आबा लूमच्या खात्यात शिरताना चपला बाहेर काढत. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला त्या नीट जोडून ठेवत, उजवा पाय आत टाकत आणि क्षणभर तसेच उभे राहत. डोळे मिटलेले नसत, हात जोडलेले नसत. नुसते उभे. मग मान एकदा हलवून कामाला लागत.

तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही तेच समजला असतात जे आम्ही सगळे समजून बसलो होतो. म्हातारा भाविक आहे, पोटापाण्याच्या जागी चपला घालून जात नाही. शेठ तर आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. मला मात्र त्या चपलांची भीती वाटे. त्या खात्यात सुया, तारा, पत्र्याचे तुकडे, काय काय पडलेलं असे आणि आबा त्यावरून अनवाणी हिंडत. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आबा, पायात काही भोसकेल." आबांनी माझ्याकडे वळून मला आपल्यासमोर उभं केलं आणि त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकवलं.

"माले ऐकू येस. वरडू नको."

मी ओरडले नव्हते. पण ते सगळ्यांनाच तसं म्हणत, त्यामुळे मनावर घेतलं नाही.

सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. हे खातं कतारगामच्या एका गल्लीत तळमजल्यावर होतं. वर दोन मजल्यांवर भाडेकरू राहत, म्हणून सकाळी सात ते संध्याकाळी सात एवढीच पाळी. चार ओळी, एका ओळीत बारा लूम, सगळे जुने, धोट्याचे. अठ्ठेचाळीस धोटे एकदम आपटायला लागले की आत माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. कारीगर एकमेकांचे ओठ बघून बोलतात. मी अशाच एका कारीगराची मुलगी. माझे वडील घरी जेवतानाही आमच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि आई चिडायची.

आबा तिथले मास्टर. म्हणजे लूम बिघडला, तार म्हणजे सुताचा धागा तुटला, धोटा अडकला की धावायचं ते त्यांनी. गाव अमळनेरच्या बाजूचं. त्यांचं पाळण्यातलं नाव हजेरीच्या कार्डावर तेवढं होतं, हाक कोणी त्या नावाने मारत नसे. ओडिया कारीगर मास्टरजी म्हणत, शेठ काका म्हणत आणि आम्ही खानदेशी आबा म्हणत असू.

मी तिथं गेले ती लूमला डब्या लावायला. आमची चार माणसांची कंपनी. प्रत्येक लूमला मुठीएवढी डबी बसवायची. तिच्या आत लूमची थरथर मोजणारं एक यंत्र. लूम चालू आहे की बंद, नीट चालतोय की अडखळतोय, हे डबीने ओळखायचं आणि ऑफिसातल्या पडद्यावर कळवायचं. शिवाय बिघाड झाला की मास्टरसाठी बजर वाजणार. हे छोट्या शेठच्या, म्हणजे शेठच्या मुलाच्या डोक्यातून निघालेलं. आई म्हणाली, "बापाने जन्मभर लूम चालवला, आता पोरगी त्याला डबे बांधते." पण गल्लीत सगळ्यांना सांगूनही तीच आली.

पहिल्या दिवशी आबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू कोनी आंडेर वं?" कोणाची मुलगी, ते विचारलं. वडिलांचं नाव सांगितलं तसा चेहरा निवळला. मग मी त्यांच्या शेजारून चालता चालता डब्यांची माहिती देऊ लागले, तर थांबून म्हणाले, "समोर ये, मंग बोल."

हे त्यांचं दुसरं वाक्य. शेजारी चालत कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. चहाच्या टपरीवरही शेजारी बसू देत नसत, समोरचा बाक दाखवत. आम्ही म्हणायचो, मानपानाचं फार आहे म्हाताऱ्याला. तुम्हीही म्हणाला असता.

मी डब्या लावल्या. चांगल्या सव्वीस-सत्तावीस दिवसांत लावून संपवल्या आणि स्वतःवर खूष झाले. तेवढ्यात पहिल्यांदा माझं नाक कापलं गेलं.

कतारगामात वीज अधूनमधून जाते. ती परत आली की सगळे लूम एकदम सुरू करून चालत नाही, मोटारींचा भार एकदम पडतो आणि मुख्य फ्यूज उडतो. तिथं त्यासाठी हात वर करायची काही पद्धत होती. मला ती अडाणी वाटली. मी प्रत्येक डबीवर हिरवा दिवा बसवला. वीज स्थिर झाली की ऑफिसातला कॉम्प्युटर ठरवणार, दिवा लागणार, कारीगराने दांडा ओढायचा. कसले हातवारे घेऊन बसलात!

वीज गेली, आली. माझ्या कॉम्प्युटरने अठ्ठेचाळीस दिवे एका झटक्यात लावले. अठ्ठेचाळीस दांडे एका झटक्यात ओढले गेले. फाट! काळोख. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा छोटे शेठ स्वतः बघायला आले आणि त्यांच्या देखतही तेच.

आबा हसले नाहीत. मला घेऊन पहिल्या ओळीच्या टोकाशी, दाराजवळ उभे राहिले. मला समोर उभं केलं. "डावा हातना मानूसकडे पाहानं," ते म्हणाले. "तो चालू व्हयना का मंग तू." आणि त्यांनी हात वर केला.

पहिल्या लूमवरच्या ओडिया कारीगराच्या डाव्या हाताला आबाच उभे होते. त्याने आबांचा हात पाहिला आणि दांडा ओढला. लूमने वेग घेतला, मग त्याने स्वतःचा हात वर केला. दुसऱ्याने तो पाहिला. मग तिसऱ्याने. ओळ संपली की शेवटचा माणूस मागच्या ओळीकडे हात करी. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं, कोणी सगळ्यांकडे बघत नव्हतं. प्रत्येकाला एकच माणूस बघायचा होता, डावीकडचा. दोन मिनिटांत सगळं खातं धडधडत होतं आणि फ्यूज जागच्या जागी.

मी घरी जाऊन रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरची मुकादमी काढून घेतली. प्रत्येक डबीला एवढंच शिकवलं की डावीकडच्या डबीचं ऐक, ती चालू म्हणाली की तू दिवा लाव. पहिल्या डबीच्या डावीकडे कोणी नव्हतं, तिथं मी दारापाशी एक बटण बसवलं, ते आबा दाबत. दाबत आणि तरी हातही वर करत. छोटे शेठ म्हणाले, "वाह, क्या दिमाग लगाया है!" मी थँक्यू म्हटलं. आबांचं नाव घेतलं नाही. ही गोष्ट मला आजही टोचते, म्हणून इथं सांगून टाकते.

आता दुसरी अडचण उभी राहिली. एखादा लूम बंद असला तरी त्याची डबी म्हणे, चालू आहे. कारण शेजारचे लूम जमीन हलवत आणि ती थरथर बंद लूमच्या पायांतून वर डबीत चढे. कोणती थरथर आपली आणि कोणती शेजाऱ्याची, हे डबीला कळेना. मी उपाय काढला. प्रत्येक लूमच्या चारही पायांखाली जाड रबराच्या गाद्या घालायच्या, म्हणजे थरथर जमिनीत उतरणार नाही. वरचे भाडेकरू तर आनंदाने वेडे झाले. त्यांच्या फळीवरचे पेले कित्येक वर्षं नाचत होते. रविवारी खातं बंद असताना मी माणसं लावून गाद्या घालून घेतल्या.

सोमवारी सातला आबा आले. चपला काढल्या, जोडून ठेवल्या. हात वर करून, बटण दाबून लूम सुरू केले. मग पुन्हा उंबऱ्याबाहेर येऊन नेहमीसारखा उजवा पाय आत टाकला आणि उभे राहिले.

उभेच राहिले. मान हलली नाही. त्यांनी पाय उचलला, पुन्हा टेकवला. दोन पावलं पुढे गेले, खाली बघितलं. मग एका लूमला तळवा लावला, दुसऱ्याला लावला. मी ऑफिसच्या काचेतून पाहत होते. माझ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस रेघा इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की मला वाटलं, म्हातारा माझ्या कामाची पारख करतोय.

त्या दिवशी तिसऱ्या ओळीत एका लूमच्या उभ्या तारा तुटल्या, कारीगर सुताच्या कांड्या आणायला गेला होता, आणि लूम तसाच कापड विणत राहिला. बजर वाजत होता. आबा पाठमोरे, चार हातांवर. वळले नाहीत. कापड वाया गेलं. दुसऱ्या दिवशी असंच दोनदा झालं. माझा पडदा नुसता बजर वाजवून थांबत नव्हता, मास्टर किती वेळात पोचला तेही लिहून ठेवत होता. ते कलम माझंच. आठवडाभर त्या रकान्यात लालच लाल. शनिवारी छोटे शेठ म्हणाले, "काकाने संभळातुं नथी के शुं?" काकांना ऐकू येत नाही की काय? आणि मग हिंदीत, जरा दबक्या आवाजात, की महिनाभर बघू, नाहीतर काकांना मानाने घरी पाठवू. नवा मास्टर त्यांच्या नजरेत होता.

त्या संध्याकाळी मी आबांना टपरीवर गाठलं. खातं बंद झालेलं, गल्ली शांत. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा अगदी पाठीशी जाऊन मारली. टपरीवाल्याने हाताने खुणावलं तेव्हा आबा वळले, मला पाहिलं आणि म्हणाले, "माले ऐकू येस. वरडू नको."

मी समोरच्या बाकावर बसले. मला काय सुचलं कोण जाणे. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. आबा, चहा घेणार?

"लेसू ना," आबा म्हणाले. "पन साखर कमी."

टपरीवाला माझ्याकडे बघायला लागला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. आबांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

मला माझीच लाज वाटली. कोणाच्या अंगावरची चादर ओढावी तसं केलं होतं मी.

टपरीवाला चहा ठेवून जाईपर्यंत आबा थांबले. मग सांगितलं. कान जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. लूमनेच नेले. पण खात्यात काही अडलं नाही, तिथं सगळेच ओठ वाचतात. आणि लूमचं म्हणाल तर ते पायांतून वर येत होते. कोणता जोरात, कोणता लंगडतोय, कोणत्या ओळीत कोणता थांबला, सगळं तळव्यांतून. म्हणून तर चपला बाहेर.

"खाताना बाहेर मी बहिरा शे," ते म्हणाले. "मझार नही." खात्याच्या बाहेर मी बहिरा, आत नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आते जमीन मरी गई, माय."

त्यांना ठाऊक नव्हतं की ती मी मारली. रविवारी ते घरी होते, रबर खाली दिसतही नव्हतं. मी समोर बसून, ओठ नीट हलवून, सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या देतील. आबांनी चहा संपवला आणि एवढंच म्हणाले, "कोनले सांगू नको."

म्हणजे बघा, प्रश्न नोकरीचा होताच, पण तेवढाच नव्हता. ह्या माणसाला जगात ऐकू येईल अशी एकच जागा उरली होती, अठ्ठेचाळीस लूमच्या मधली, आणि तिथून मी त्यांना उठवलं होतं. गाद्या काढायला छोटे शेठ तयार होणार नव्हते. वरच्या भाडेकरूंनी तर पेढे वाटले होते.

मी घरी बसून एक पट्टा तयार केला. मोबाइलमध्ये थरथरणारी छोटी मोटर असते, ती घेतली, बॅटरी लावली, कापडात शिवली. मनगटावर बांधायला गेले तर आबांनी हात मागे घेतला. "हातले नको. हात कामले लागतस. पायले बांध." घोट्याच्या वर बांधला, पायजमा खाली सोडला. कोणाला दिसला असता तरी नजरेचा दोरा वाटला असता.

पहिला पट्टा फसला. लूम बिघडला की तो थरथरे. आबा दर वेळी विंचू चावल्यासारखे उडत आणि कुठला लूम ते कळत नसे. वीज गेली तेव्हा तर अठ्ठेचाळीस निरोप एकदम आले आणि ते पाय धरून खालीच बसले. "इतला बोंबलतस कसाले?" म्हणून डब्यांवर डाफरले. मग मला समोर बसवून त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय.

"बंद पडेल माले समजत नही. चालू शे तेच समजस. चालूमाईन एक कमी व्हयनं, का मंग समजस."

बंद पडलेलं मला कळत नाही, चालू असलेलं कळतं. चालूमधून एक कमी झालं की मग कळतं. मी शिकले होते ते नेमकं उलटं. बिघाड झाला तरच बोल, बाकी गप्प बस. आबांना बिघाडाची बोंब नको होती. त्यांना सगळं ठीक असल्याचं सतत ऐकायचं होतं.

मग मी डब्यांना पुन्हा डावीकडे बघायला लावलं. पहिली डबी पट्ट्यावर एक हलका ठोका देणार. तिचा झाला की दुसरी, मग तिसरी. बारा झाले की जरा थांबायचं, मग दुसरी ओळ. अठ्ठेचाळीस ठोके, आपापल्या पाळीने, कोणी कोणाच्या मध्ये न बोलता, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा लूम बंद त्याची जागा रिकामी. चार दिवस आबा बोटांवर मोजत हिंडले. पाचव्या दिवशी मोजणं थांबलं. दुपारी मी पाहिलं, ते पहिल्या ओळीत वाकून काम करत होते, मध्येच ताठ झाले, वळले आणि थेट चौथ्या ओळीतल्या नवव्या लूमकडे निघाले. बजर अजून वाजायचा होता.

मी विचारलं, पूर्वीसारखं येतं का? आबांनी हात हलवला. चष्म्यातून बघितल्यासारखं, म्हणाले. पण दिसतं.

महिन्याच्या शेवटी लाल रकाना हिरवा झाला. छोटे शेठ माझ्या सिस्टिमवर खूष, आणि काकांवर तर इतके खूष की पाहुणे आले की त्यांना काचेपाशी नेऊन दाखवत. "देखिए, इस उमर में भी कान कितने तेज हैं!" आबा लांबून त्यांचे ओठ वाचत आणि नम्रपणे मान लववत. मी ऑफिसात खाली वाकून काहीतरी शोधू लागे, नाहीतर हसू फुटलं असतं.

दसऱ्याला त्यांनी अठ्ठेचाळीस डब्यांना हळदकुंकू वाहिलं. लूमना आधी वाहिलं, मग डब्यांना, आणि मग गुपचूप वाकून स्वतःच्या घोट्यालाही एक बोट लावलं.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी बाईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे गुडघे गेले, मुलगा-सून गावी शेती बघत होते, आणि आबांना जाणं भाग पडलं. शेठनी शाल दिली, नारळ दिला. आबांनी तो हातात धरून ठेवला आणि दाराकडे काही सरकेनात. मला त्यांच्या मनात काय चाललंय ते ठाऊक होतं. खात्याच्या बाहेर ते बहिरे होते.

मी आधीच उद्योग करून ठेवला होता. पट्ट्यात सिमकार्ड घालून दिलं. इथले ठोके इंटरनेटवरून तिकडे पोचणार. आणि आणखी एक गोष्ट केली, ती छोट्या शेठना सांगितली नाही. दारापाशी ते बटण होतं ना, पहिल्या डबीच्या डावीकडचं? सकाळच्या पहिल्या वेळेपुरतं मी ते काढून टाकलं. त्याच्या जागी आबांचा पट्टा जोडला. दिवसा वीज गेली-आली तर नव्या मास्टरने दाबावं. पण सकाळी सातला आबांनी गावी बसून घोट्यावर दोनदा टिचकी मारायची, की इथं कतारगामात पहिल्या लूमचा हिरवा दिवा लागणार. दहा मिनिटं टिचकी आली नाही तर डबी आपली आपण दिवा लावेल, तेवढी खबरदारी घेतली होती.

आबांनी माझं बोलणं ओठांवरून दोनदा वाचून खात्री करून घेतली. मग चपला घातल्या आणि निघाले.

कारीगरांना हे सांगायला लागलं नाही, त्यांना पहिल्याच दिवशी समजलं. सात वाजता सगळे आपापल्या लूमपाशी उभे राहत. दिवा लागला की पहिल्या लूमवरचा ओडिया म्हणे, "मास्टरजी उठ गए," आणि दांडा ओढी. अमळनेरच्या बाजूला पाऊस असो, लग्न असो, टिचकी सातची सातला. एकदा दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, आबा जेवना पाटवरथीन उठी गयात. म्हनतस, तिसरी ओळमा सातवा लूम कसाले बंद शे?" जेवणाच्या पाटावरून उठले होते आबा. मी जाऊन बघितलं. कारीगर तंबाखू मळत उभा होता. त्याला सांगितलं तर त्याने कानाची पाळी धरली.

असं वर्ष-सव्वा वर्ष चाललं. मी नेहमी सातला तिथं नसते, पण त्या मंगळवारी एक डबी बदलायची होती म्हणून लवकर गेले होते.

सात वाजले. दिवा लागला नाही. पहिल्या लूमवरचा ओडिया दांड्यावर हात ठेवून उभा. त्याच्या उजवीकडचा त्याच्याकडे बघत, त्याच्या उजवीकडचा त्याच्याकडे. चार ओळी माणसं, सगळ्यांच्या माना डावीकडे, आणि कुठं काही हालचाल नाही. सात वाजून पाच झाले. मी कॉम्प्युटर तपासला, इंटरनेट तपासलं, सगळं चालू होतं. सगळं चालू होतं आणि एक कमी होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी दिवा आपोआप लागला. मीच तसं लिहिलं होतं. ओडियाने दिव्याकडे पाहिलं आणि दांडा ओढला नाही.

तेवढ्यात माझ्या फोनवर आबांच्या सुनेचं नाव आलं. मी दाराकडे धावले. उंबऱ्यापाशी, जिथं चपला असायच्या, तिथं उभी राहून फोन घेतला. "ताई," ती म्हणाली, "आबा गयात." पहाटे झोपेतच. मागे बायका रडत होत्या.

मी वळले तर ओडिया माझ्याकडे बघत होता. आत इतकं शांत होतं, मोठ्याने विचारता आलं असतं त्याला. पण त्याने नुसते ओठ हलवले. मास्टरजी?

मी नाही अशी मान हलवली. त्याने दांड्यावरचा हात काढून कपाळाला लावला, आणि पुन्हा दांड्यावर ठेवला. पण ओढेना. तो थांबला होता. मग मला कळलं की मी कुठं उभी आहे. मी पहिल्या लूमच्या डावीकडे उभी होते.

मी हात वर केला.

पहिला लूम सुरू झाला. ओडियाने हात वर केला, दुसरा सुरू झाला. मग तिसरा. फोन कानालाच होता. ओळ सरकत गेली तशी सून एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाली, "ताई, त्यासना पायनं ते यंत्र चाली राहिनं वं! आम्हले वाटनं..." पुढचं तिला बोलवेना.

"हो वहिनी," मी म्हटलं. "इथं खातं चालू झालं."

ती काहीतरी विचारत होती. ते बंद कसं करायचं असं असेल, किंवा दुसरंच काही. तोवर चौथी ओळ चालू झाली आणि मला काहीच ऐकू येईना.